कॉफी भाजायचं मशीन: ड्रम की हवेचं, गॅस की वीज? कढईवालीला सल्ला हवाय

खरपूस

मंडळी, तीन वर्षं लोखंडी कढईत कॉफी भाजतेय. कौतुक म्हणून नाही सांगत, मनगट दुखतंय म्हणून सांगतेय. एका घाण्याला २५० ग्रॅम हिरवी कॉफी. पंधरा-सोळा मिनिटं उलथणं हलवत राहायचं, मग सुपात घेऊन अंगणात पाखडायची आणि परातीत पसरून टेबल फॅनखाली ठेवायची. सुरुवात घरच्या फिल्टरपुरती होती. मग शेजारणी, मग नणंदेच्या ऑफिसातले, आणि आता पाचगणीच्या वाटेवरच्या दोन छोट्या कॅफेंनी विचारलंय. सगळं मिळून महिन्याला तीस किलोच्या आसपास जाईल.

कढईत हे होणं नाही. झालं तरी दोन घाणे एकसारखे येत नाहीत. एका कॅफेवाल्याने परवा मूठभर दाणे तळहातावर पसरून दाखवले. बरेचसे चॉकलेटी, काही कोळसा आणि दोन चक्क भाजक्या शेंगदाण्याच्या रंगाचे. मान खाली घालून ऐकून घेतलं.

जागा म्हणजे साताऱ्यात घरामागची १० बाय १२ ची पत्र्याची खोली. वीज सिंगल फेज, संध्याकाळी व्होल्टेज रडतं. खिडकीपासून चार हातांवर शेजारच्या काकूंची कपडे वाळत घालायची दोरी. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका.

ड्रम, हॉट एअर, इन्फ्रारेड, इंडक्शन हे सगळं वाचून डोकं गरगरलंय. १ किलोचं घेऊ की ३ चं? ज्यांनी वापरलंय त्यांनीच सांगा.

आद्रकचहा

चहा विका. पातेलं पुरतं. (हलके घ्या.)

बाकी वाचतोय.

गिरणीवाला

ताई, आमची बार्शीला कांडपाची गिरणी आहे. शेंगदाणे भाजायचा ड्रम आहे, गॅसवरचा, २५ किलोचा. आत पाती आहेत, फिरत राहतो, दाणा एकसारखा निघतो. नव्या कॉफी मशीनच्या मानाने फारच स्वस्त पडतो. हा का चालू नये? नाहीतरी भाजणं ते भाजणंच.

घाटमाथा

गिरणीवाले दादा, प्रश्न रास्त आहे. हा प्रयोग करून बसलेले दोघे मला माहीत आहेत, म्हणून आधी तुम्हालाच उत्तर देतो. शेंगदाण्याच्या ड्रममध्ये कॉफी भाजली जाते, चांगली भाजली जात नाही. पहिली अडचण म्हणजे आतून हवा ओढणारा पंखा नसतो. कॉफीच्या दाण्याला पातळ साल असते, ती भाजताना सुटते. तिला बाहेर जायला वाट नसली की ती ड्रममध्येच जळते आणि तो धूर दाण्यात मुरतो. अशा कॉफीचा घोट घेतला की राखेची चव जिभेवर रेंगाळते. दुसरी, थंड करायची सोय नाही. शेंगदाणे पोत्यावर ओतले तरी चालतात, कॉफीचं तसं नाही. तिसरी म्हणजे वास. ज्या ड्रममध्ये काल शेंगदाणे आणि परवा धणे भाजले, त्यातली कॉफी कोणाला पाजणार? शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं गिऱ्हाईक निघालं तर ते वेगळंच लचांड.

आता खरपूसताई. मी बंगळुरात एका रोस्टरीत नऊ वर्षं कामाला आहे, रोज १५ किलोच्या ड्रमपुढे उभा असतो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

कढईत दाण्याला उष्णता मिळते ती मुख्यतः तापलेल्या लोखंडाला टेकून. जिथे टेकला तिथे करपला, जिथे नाही तिथे कच्चा. तुमच्या त्या मूठभर दाण्यांचं कारण हेच. मशीन कुठलंही घ्या, त्याचं खरं काम टेकून मिळणारी उष्णता कमी करून गरम हवेतून मिळणारी वाढवणं. किती वाढवायची, यावरून प्रकार पडतात.

साधा ड्रम म्हणजे आडवं पिंप. खाली ज्योत, आत फिरणारी पाती, मागून गरम हवा आत येते आणि पुढून पंखा ती ओढून घेतो. ही रचना जुनी आहे. न्यू यॉर्कच्या जेबेझ बर्न्सने दाणे आपोआप बाहेर टाकणाऱ्या ड्रमचं पेटंट घेतलं १८६४ मध्ये, जर्मनीतल्या एमेरिखची प्रोबाट कंपनी १८६८ ची. दीडशे वर्षांत गाभा फारसा बदललेला नाही, तेव्हा विक्रेता टचस्क्रीन दाखवायला लागला की चहा घ्या आणि मागच्या बाजूला जाऊन पंखा बघा.

ड्रममध्येही पोटभेद आहेत. एकेरी पत्र्याचा ड्रम लवकर तापतो, लवकर निवतो आणि दाण्याला डाग पाडतो. दुहेरी पत्र्याच्या ड्रममध्ये मधे हवेची फट असते, त्यामुळे आतला पत्रा ज्योतीइतका लाल होत नाही. नवशिक्याने शक्यतो हाच घ्यावा. भोकाचा ड्रम म्हणजे जाळीसारखा. ज्योतीची झळ थेट दाण्यावर येते, काम झपाट्याने होतं, पण दाण्याची टोकं काळी पडायला वेळ लागत नाही. इन्फ्रारेड म्हणजे ज्योतीऐवजी तांबडी तापलेली सिरॅमिकची जाळी. अमेरिकेच्या डीड्रिखने हा प्रकार रूढ केला. आच शांत असते, पण ती वाढवली-कमी केली की परिणाम दिसायला थोडा उशीर लागतो.

हवेचं मशीन म्हणजे फ्लुइड बेड. ड्रम नाहीच. खालून गरम हवेचा झोत, त्यावर दाणे उकळल्यासारखे उड्या मारतात. मायकेल सिव्हेट्झ या अमेरिकन केमिकल इंजिनिअरने १९७६ मध्ये याचं पेटंट घेतलं. साल उडून जाते, धूर दाण्याला शिवत नाही, चव स्वच्छ लागते.

आता १ की ३. हिशोब करू. भाजताना कॉफी १५-१६ टक्के वजन गमावते, गडद भाजली तर २० टक्क्यांपर्यंत. तीस किलो भाजलेली हवी तर साधारण ३६ किलो हिरवी लागेल. १ किलोच्या मशीनवर रोज १ किलो भरू नका, ८०० ग्रॅम भरा, नाहीतर हवा दाण्यांमधून फिरत नाही. म्हणजे ४५ घाणे. तासाला तीन धरले तर महिन्याचे पंधरा तास. आठवड्यातून एक लांबलचक सकाळ. तुम्हाला ३ किलोचं मशीन कशाला हवं? अर्ध्याहून कमी भरून चालवाल आणि तापमापक दाण्यांऐवजी हवा मोजत बसेल.

बाकीचं रात्री लिहितो, शिफ्ट आहे.

हवाईदल

घाटमाथा, हवेचं मशीन चार वाक्यांत उरकलंत, हा अन्याय आहे. :-) मी पुण्यात घरी पॉपकॉर्नच्या हॉट एअर पॉपरवर शिकलो, ८० ग्रॅमचा घाणा, पाच-सहा मिनिटांत काम. आता छोटं फ्लुइड बेड आहे. कर्नाटकातल्या बाबाबुडनगिरीच्या भागातली अराबिका घ्या, तीच कॉफी ड्रममध्ये आणि हवेत भाजा, बाजूबाजूला ठेवून प्या. हवेतल्या कपात संत्र्याच्या सालीसारखा वास येतो, ड्रममधल्यात गूळ-कोकोची बाजू वर येते. हे माझं मत.

पॉपरवर प्रयोग करणाऱ्यांना एक सूचना. भांड्याच्या बाजूच्या भिंतीत तिरक्या फटी असलेलाच पॉपर घ्या. तळाला जाळी असलेल्यात साल खाली हीटरवर पडते आणि पेट घेते.

घाटमाथा

हवाईदल, अन्याय मान्य. पण खरपूसताईंना गिऱ्हाईक फिल्टर कॉफीचं आणि दुधातल्या कॉफीचं आहे. दुधापुढे ती संत्र्याची साल टिकत नाही, गूळ-कोको टिकतो. शिवाय हवेच्या मशीनचा ब्लोअर इतका ओरडतो की फुटण्याचा आवाज ऐकू येत नाही.

तो आवाज म्हणजे काय, ते इतरांसाठी सांगतो. हिरव्या दाण्यात १० ते १२ टक्के ओल असते. आधी ती जाते, दाणा पिवळा पडतो, भाकरी भाजल्यासारखा वास सुटतो. मग तपकिरी. साधारण १९६ अंशांच्या आसपास आतली वाफ दाणा फोडते, हा पहिला फुटाणा, लाह्या फुटतात तसा टपटप आवाज. तिथून पुढे थांबाल तिथे तुमची कॉफी. २२५ च्या आसपास दुसरा फुटाणा, हा बारीक असतो, फोडणीत मोहरी तडतडते तसा. तेल वर यायला लागतं. दाक्षिणात्य फिल्टरवाले पुष्कळदा याच्या उंबऱ्यापर्यंत नेतात. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर तीन-चार मिनिटांचं, आणि त्यात दहा सेकंदांनी चव बदलते. कान हे या धंद्यातलं पहिलं यंत्र.

जर्सीकर

न्यू जर्सीत गराजमध्ये भाजतो, हौस म्हणून. घरगुती प्रकारांबद्दल दोन शब्द. बेहमोर ओव्हनसारखं दिसतं, आत जाळीचा ड्रम, धूर कमी करायची सोय. जीन कॅफे कोरियन, तिरक्या अक्षावर फिरणारी काचेची नळी, ३०० ग्रॅमपर्यंत. फ्रेश रोस्ट हवेचं, त्याहून लहान. आयलिओचं बुलेट तैवानचं, १ किलोचं, ड्रम इंडक्शनवर तापतो, लॅपटॉपला जोडलं की आलेख समोर. पहिली दोन मशीनं दाणे आतल्या आतच थंड करतात, म्हणून मी घाणा संपला की सरळ बाहेर दोन चाळण्यांत उलटसुलट ओततो.

खरपूसताईंच्या तीस किलोला यातलं बुलेट सोडून काही पुरणार नाही. भाचा इथून सामानात आणतो म्हणाला तर आधी मागचं लेबल वाचायला सांगा.

तारतम्य

लेबलवरून आठवलं. मी वीज खात्यातून निवृत्त. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० ला थेट लावलंत तर हीटर जवळपास पावणेचारपट शक्ती ओढेल आणि कॉफीआधी मशीन भाजून निघेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी त्यांची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. सिंक्रोनस मोटर (विजेच्या हर्ट्झच्या तालावर फिरणारी) असेल तर ड्रम सहाव्या हिश्श्याने हळू फिरेल. त्याचं वेळापत्रक आणि तुमचं घड्याळ जुळणार नाही.

आणि व्होल्टेज रडतं म्हणालात त्याचा हिशोब. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० चे २०० झाले, तर १६०० वॉटचा हीटर १२०० च देतो. एक चतुर्थांश आच गायब. दुपारी बारा मिनिटांत होणारा घाणा संध्याकाळी अठरा मिनिटं रेंगाळेल आणि तुम्ही स्वतःला दोष देत बसाल. विजेचंच घ्यायचं तर स्टॅबिलायझर, १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि नीट अर्थिंग. ५-६ अँपिअरच्या सॉकेटला १६०० वॉट लावू नका, प्लग वितळलेले पाहिले आहेत.

निसर्गरम्य

गॅसलाही भरवसा नाही हो. आमचं कोकणात होमस्टे आहे, १ किलोचं गॅसचं ड्रम मशीन घेतलं होतं. कुठलं ते सांगत नाही, बनवणाऱ्याने नंतर मदत केली. मे महिना, पाहुण्यांपुढे प्रात्यक्षिक. पहिला फुटाणा सुरू झाला आणि वीज गेली. गॅस तर चालू! ड्रम थांबला, पंखा थांबला, तळचे दाणे तिथल्या तिथे जळायला लागले. गॅस बंद केला, दार उघडलं, दाणे ट्रेमध्ये पडले, पण ट्रेचा पंखाही बंद. शेवटी सासूबाईंनी सुपाने वारा घातला. पाहुण्यांना वाटलं ही आमची पारंपरिक पद्धत. फोटो काढले त्यांनी.

विकत घेताना दोन गोष्टी विचारा: वीज गेली तर गॅस आपोआप बंद होतो का, आणि ड्रम हाताने फिरवायला दांडा आहे का. आमच्यात दोन्ही नव्हतं.

तारतम्य

निसर्गरम्य, यावर उपाय सोपा आहे. गॅसच्या मशीनला वीज लागते ती फक्त मोटर आणि पंख्यांना, १ किलोच्या मशीनला ती काही शे वॉटच असते. घरचा इन्व्हर्टर ओढून नेतो. हीटरचं मशीन मात्र इन्व्हर्टरवर विसरा. माझं मत साताऱ्यासाठी गॅस आणि इन्व्हर्टर. सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिक घ्या, घरगुती लाल सिलिंडर धंद्याला लावू नका. उद्या पाइप गॅस आला तर बर्नरचे जेट बदलावे लागतील, तेही आत्ताच विचारून ठेवा.

घाटमाथा

तारतम्यकाकांना +१. राहिलेलं लिहितो.

मशीन बघायला जाल तेव्हा सगळे ड्रमपाशी गोळा होतात. तुम्ही आधी कूलिंग ट्रे बघा. बाहेर पडलेला दाणा स्वतःच्याच उष्णतेवर भाजत राहतो. कानाने अचूक क्षण पकडलात आणि ट्रेने सात मिनिटं घेतली तर त्या अचूकपणाला काय अर्थ? पूर्ण घाणा ट्रेमध्ये पडल्यापासून चार मिनिटांत दाणे हातात धरवले पाहिजेत. घड्याळ लावून बघा, विक्रेत्याच्या तोंडाकडे बघू नका.

मग विचारा, ड्रमचा पंखा आणि ट्रेचा पंखा एकच की वेगळे? स्वस्त मशीनमध्ये एकच असतो आणि झडप फिरवून इकडचा वारा तिकडे देतात. म्हणजे एक घाणा थंड होत असताना दुसरा भाजता येत नाही, आणि मी वर केलेला तासाला तीनचा हिशोब दोनवर येतो.

तिसरं, तापमापक. दाण्यांच्या राशीत बुडणारा एक आणि बाहेर जाणाऱ्या हवेत एक, असे दोन हवेत. बारीक असला की चटकन सांगतो, जाड असला की मागचं सांगतो. पहिल्यांदा गोंधळ उडेल: २०० वर दाणे टाकले की आकडा घसरत ९०-१०० पर्यंत येतो आणि मग चढू लागतो. मशीन बिघडलेलं नाही, गार दाण्यांनी तापमापकाला गारठवलंय. आणि माझ्या मशीनवरचे १९६ तुमच्या मशीनवर १९० किंवा २०३ असतील. लोकांचे आकडे उतरवून घेऊ नका, स्वतःची वही करा. तापमापक लॅपटॉपला जोडता येत असेल तर आर्टिझन नावाचं मोफत सॉफ्टवेअर आलेख काढून देतं.

सगळ्यात महत्त्वाचं, पैसे देण्याआधी स्वतःची कॉफी घेऊन जा आणि लागोपाठ तीन घाणे काढायला लावा. पहिला कोणाचाही बरा येतो. तिसरा पहिल्यासारखा आला तर मशीन चांगलं.

धुराचं: नळकांडं छपराच्या वर न्या, वळणं कमीत कमी ठेवा, आणि साल गोळा करणारा सायक्लोन रोज रिकामा करा. आगी लागतात त्या नळकांड्यातल्या तेलकट काजळीने आणि साचलेल्या सालीने. आत पेट घेतलाच तर गॅस आणि हवा बंद करा, ड्रम फिरता ठेवा, दार उघडायचं नाही. लोरिंगसारखी मशीनं एकाच बर्नरने भाजतात आणि धूरही जाळतात, पण ती आपल्या पत्र्याच्या खोलीची गोष्ट नाही.

शक्य झालं तर कॉफी बोर्डाचा बंगळुरातला कापी शास्त्र अभ्यासक्रम करा. आधी शिका, मग खरेदी.

मेळघाटी

अवांतर: कॉफीसाठी कर्नाटकच कशाला, आपल्या चिखलदऱ्यातही होते. थोडी होते, पण होते. ताई, मशीन आलं की कळवा, वानोळा पाठवतो.

आद्रकचहा

वाचनखूण साठवली. मी चहावाला, तरी. हे घरच्यांना सांगू नका.

खरपूस

धागा वर काढतेय, चार महिन्यांनी. सगळ्यांचे मनापासून आभार.

१ किलोचं गॅसचं घेतलं, दुहेरी ड्रम, दोन वेगळे पंखे. तीन ठिकाणी माझी पिशवी घेऊन गेले. एका ठिकाणी तिसऱ्या घाण्याला नकार मिळाला, "मॅडम, एकात कळतं की." तिथून निघालेच. जिथून घेतलं तिथे ट्रेला ३ मिनिटं ४० सेकंद लागली, मी मोबाइलवर घड्याळ लावून उभी होते आणि तो माणूस हसत होता. हाताने फिरवायचा दांडा मात्र त्यालाही नव्हता, गावातल्या फॅब्रिकेटरकडून करून घेतला. इन्व्हर्टरवर मोटर आणि पंखे आरामात चालतात, दोनदा वीज गेली तेव्हा दांड्याला हात लावावा लागला नाही.

पहिले पाच घाणे स्वस्तातल्या रोबस्टा चेरीचे (फळासकट वाळवलेली कॉफी) काढून फेकून दिले, ड्रमच्या आतला कारखान्याचा वास जाईपर्यंत. जीव तुटला. सहाव्यापासून वही. कालचा बावन्नावा: ८०० भरले, ६७८ निघाले, बारा मिनिटं दहा सेकंद. कॅफेवाल्याने परत मूठ पसरली, या वेळी शोधूनही शेंगदाणा सापडला नाही.

नळकांडं छपराच्या वर सहा फूट, रस्त्याच्या बाजूला. काकूंची दोरी जागच्या जागी आहे. मंगळवारी भाजते हे त्यांना पाठ झालंय, त्या दिवशी चादरी वाळत घालत नाहीत एवढंच.

एक शंका: मॉन्सून्ड मलबार भाजायला घेतली की सालच साल. तिसऱ्या घाण्याला हवेचा ओढा कमी पडतो आणि वेळ लांबते.

घाटमाथा

ती पावसाळी वाऱ्यात फुगवलेली, हलकी कॉफी, साल सुटतेच. त्या दिवशी सायक्लोनचा डबा प्रत्येक घाण्यानंतर रिकामा करा, आणि सुरुवातीचं तापमान पंधरा-वीस अंशांनी खाली ठेवा, नाहीतर बाहेरून करपेल. ती शेवटी भाजायला घ्या, म्हणजे बाकीच्या घाण्यांना त्रास नाही.

गिरणीवाला

ताई, मशीन बघायला येऊ का? शेंगदाण्याच्या ड्रमला पंखा बसवायचं डोक्यात आहे.

खरपूस

मंगळवारी या, सकाळी आठला. येताना थोड्या शेंगा आणा, वेगळ्या पिशवीत. मशीनजवळ नेऊ देणार नाही.